चार सापांचं इंजेक्शन

मागच्या रविवारी सफाळ्याला उतरून दातिवऱ्याला गेलो होतो. किनाऱ्यावर एक काका जाळं साफ करत होते. मासळीत चपट्या शेपटीचा साप निघाला, तो त्यांनी काठीनं उचलून भिरकावला. म्हटलं, "काका, चावला तर?" म्हणाले, "सरकारी दवाखान्यात मिळतं की इंजेक्शन!"

मिळतं हो, पण ते या सापावर चालत नाही.

हे इंजेक्शन म्हणजे घोड्याच्या अँटिबॉडीज, शाळेच्या पुस्तकातली प्रतिपिंडं. १८९९ पासून परळला असलेल्या हाफकिनचं यात जुनं नाव. घोड्याला थोडंथोडं विष टोचत जायचं, तो अँटिबॉडीज बनवतो, मग त्याच्या रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या. एकेक अँटिबॉडी इंग्रजी 'वाय'सारखी. वरच्या दोन हातांच्या टोकाला खाचा, आणि खाचेत ठरावीक आकाराचा रेणूच बसणार. आमच्या भाषेत कडक पॅटर्न मॅचिंग! खालचा दांडा शरीरातल्या बाकीच्या फौजेला हाक मारतो. पण घोड्याचा दांडा बघून आपलंच शरीर खवळू शकतं. म्हणून पेप्सिननं, हो, पोटात अन्न पचवणारं तेच, दांडा उडवून टाकतात. उरतात नुसते हात. मला तर हा प्रकार भलताच आवडला. (तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं.)

आता गोची अशी, की आपल्याकडे घोड्याला विष टोचतात ते चारच सापांचं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. समुद्री सापाच्या विषासाठी त्या खाचा घडवलेल्याच नाहीत. त्यावरचं औषध बनतं ऑस्ट्रेलियात. आणि त्यासाठी ज्या चोचवाल्या समुद्री सापाचं विष वापरतात, तो आपल्या किनाऱ्यावरही सापडतो. घ्या!

हे साप सहसा चावत नाहीत, चावले तरी दर वेळी विष सोडत नाहीत. पण सोडलंच, तर स्नायू तुटायला लागतात, त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो, लघवी काळपट होते, श्वासही बंद पडू शकतो. मग आधार डायलिसिस आणि व्हेंटिलेटरचा. तेव्हा दवाखान्यात पोचल्या पोचल्या "साप दर्यातला होता" हे आधी सांगायचं. नाहीतर मण्यारीचं समजून बाटल्यांवर बाटल्या चढतात, आणि डायलिसिसची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायला उशीर होतो.