दुखतं म्हणजे नेमकं कसं?

मराठी शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. समानार्थी शब्दांच्या तासाला एखादं तरी चौकस पोर विचारायचंच, "बाई, एकाच गोष्टीला इतके शब्द कशाला?" आता 'दुखणं'च घ्या ना. दाढ ठणकते. गळू ठसठसतं. पोटात कळ येते, कमरेत चमक भरते, काटा सलतो, खरचटलेलं चरचरतं. मिरच्या चिरल्यावर हात भगभगतात. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात. ह्यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही, आणि कुठला शब्द वापरला त्यावर गोळी ठरते, हे मी गेली दोन-अडीच वर्षं घरात पाहते आहे.

ह्यांना २०२३ च्या भाद्रपदात डाव्या बरगडीवर नागीण उठली. आम्ही तेव्हा गावी होतो. गावात गेरूचा लेप आणि "दोन तोंडं जुळली तर खरं नाही बरं का" हे दोन्ही अजून शाबूत आहे. (तोंडं सहसा जुळत नाहीत, मंडळी. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि म्हातारपणी त्याच एका तंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो.) पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. शहरात परतेपर्यंत पाच दिवस उलटले होते.

जखमा महिनाभरात सुकल्या. दुखणं मात्र गेलं नाही. सदरा नुसता टेकला तरी हे कळवळायचे. ऐन डिसेंबरात अर्धे उघडे बसायचे, शाल फक्त उजव्या खांद्यावर. पंख्याचा वारा सोसत नसे. भेटायला येणारे म्हणायचे, "आता तर काहीच दिसत नाही की!" ते ऐकलं की ह्यांचा चेहरा पडायचा. न दिसणारं दुखणं म्हणजे थोतांड, असं कुणी तोंडावर म्हणत नाही एवढंच.

पॅरासिटामॉल झालं, आयब्रुप्रोफेन झालं, उपयोग शून्य. शेवटी मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बरगडीवरून कापसाचा बोळा अलगद फिरवला आणि विचारलं, "काका, कसं दुखतं?"

"दुखतं."

"हो, पण कसं?"

हे जन्माचे अबोल. मी बोलायला तोंड उघडलं तर डॉक्टरांनी हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "खाजकुयली लागावी आणि वर कुणी निखारा धरावा, तसं. मधूनच शॉक बसतो."

डॉक्टर लिहायलाच लागले. आग, शॉक, मुंग्या, नुसत्या स्पर्शाने कळवळणं ही मज्जातंतूच्या दुखण्याची भाषा. ठणका असतो तिथे बहुधा सूज असते आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या त्या सुजेतल्या रसायनांना आवर घालतात. इथे सूज नव्हतीच, तारच बिघडलेली. आमच्या शाळेतली विजेवरची घंटा पावसाळ्यात ओल धरून आपोआप वाजायची, बटण दाबायला शिपाई नसला तरी. तसंच हे.

गोळ्या दोन. गॅबापेंटिन अगदी थोडं आणि रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन. आमच्या भाऊजींनी त्याच रात्री इंटरनेटवर शोधून फोन केला, "वहिनी, दादाला फिट कधी आली? आणि दुसरी गोळी तर डिप्रेशनची आहे!" हे शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत. चार दिवसांनी पाहते तर पाकिटातल्या गोळ्या जशाच्या तशा. "मला फिट येत नाही आणि वेडही लागलेलं नाही," एवढंच उत्तर.

मग डॉक्टरांनीच फोनवर समजावलं. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींनी एकाएकी केलेला गोंगाट, आणि बिघडलेला मज्जातंतूही गोंगाटच करतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या भयंकर कळांवर कार्बामाझेपिन हे फिटचंच औषध १९६२ पासून वापरात आहे. गॅबापेंटिन १९९३ मध्ये अमेरिकेत फिटसाठी मंजूर झालं आणि २००२ मध्ये नागिणीनंतरच्या ह्याच दुखण्यासाठी. अमिट्रिप्टिलीन १९६१ पासूनचं. नैराश्याला ते साधारण ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त लागतं. दहाची गोळी मनासाठी नव्हे. मेंदूकडून पाठीच्या कण्यात वेदना दाबायचे जे निरोप उतरतात, त्यांना ती बळ देते. हे सगळं ऐकून ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग पाकिटावर तसं का नाही लिहीत?" रास्त प्रश्न आहे!

आता त्रासाचंही सांगते. पहिल्या आठवड्यात सकाळी उठले की भिंत धरून चालायचे. आमच्या वयात पडणं म्हणजे खुबा, म्हणून डोस हळूहळू वाढवला. गॅबापेंटिन मूत्रपिंडावाटे बाहेर जातं, त्यामुळे आधी क्रिएटिनिन तपासून मात्रा ठरवली. तोंडाला कोरड पडते, त्याला खडीसाखर. पोट साफ होत नाही, त्याला इसबगोल. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून उतरवत आणायची. हे मी फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

आमच्या शेजारणीने गुडघ्यासाठी गोळीचं नाव मागितलं. नाही दिलं. तिचा गुडघा ठणकतो, सुजतो. हेच औषध नको त्या आजारांवर चालतं असं भासवून खपवल्याबद्दल अमेरिकेत २००४ मध्ये कंपनीला ४३ कोटी डॉलर भरावे लागले होते. तेव्हा तिच्या डॉक्टरांनी काय ते ठरवावं. ती थोडी रुसली आहे. असो.

दुखणं गेलं का? नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, निम्मं झालं तरी यश समजा, आणि प्रत्येकाला तेवढंही मिळत नाही. ह्यांचं दहातलं आठ होतं, आता चारवर आहे. मध्यंतरी मिरचीतल्या कॅपसायसिनचं मलम लावून पाहिलं. त्याने तंतूची टोकं हळूहळू थकतात म्हणे. मिरचीचा तिखटपणा आपल्या नसांना कुठे कळतो हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं आहे. पण ह्यांनी दोन दिवसांत मलम बाजूला ठेवलं, "एक आग पुरे आहे."

पण सदरा घालतात. गेल्या दिवाळीला नवा, बटणांचा, अंगाला लागणारा सदरा घालून फोटोला उभे राहिले.

नागिणीची लस आपल्याकडे २०२३ पासून मिळते, पन्नाशीनंतर, दोन डोस. महाग आहे, पण मुलाने माझ्यासाठी आग्रह धरला. पहिला डोस घेतला, दुसरा पुढच्या महिन्यात. दंड दोन दिवस दुखला. कसा म्हणाल, तर नुसता ठणका.