अभिप्रायार्थ

आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपालांनी एक जाड रेघी वही ठेवली होती. रविवारच्या पुरवण्यांतली पुस्तक परीक्षणं कापून ते तीत खळीनं चिकटवत. एखादं पुस्तक वाचनालयात यावं असं ज्या सभासदाला वाटे, त्यानं समासात सही करायची. चार-पाच सह्या जमल्या की पुढच्या खरेदीच्या यादीत त्याचं नाव जाई. शाळकरी वयात मी कपाटातल्या पुस्तकांपेक्षा ही वहीच जास्त वाचली असेन. परीक्षण कशासाठी असतं हे मला तिथं कळलं आणि ते अजून पटलेलं आहे. पुण्या-मुंबईची पुस्तकांची दुकानं ज्याच्या वाट्याला येत नाहीत, अशा माणसाला हे पुस्तक मागवावं की नाही, एवढं ठरवता यावं. त्या सगळ्या व्यवहारात लेखक कुठंच नव्हता.

लेखक दिसला तो कॉलेजात, 'ललित'च्या जुन्या अंकांतून. 1964 साली सुरू झालेल्या या मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावानं सदर लिहीत आणि भल्याभल्या साहित्यिकांच्या टोप्या उडवत. ते वाचताना दळवींच्या मिस्किलपणाइतकंच मला नवल वाटायचं ते त्या साहित्यिकांचं. आपल्याविषयी काही छापून यावं याची केवढी ही भूक! चिमटा चालेल, पण अनुल्लेख नको.

पुढं मीही एका दैनिकाच्या पुरवणीसाठी परीक्षणं लिहू लागले. मानधन नसे, पुस्तक तुमच्याकडेच राही. प्रकाशकाकडून दोन प्रती येत, पहिल्या कोऱ्या पानावर निळा 'अभिप्रायार्थ' शिक्का. एक कार्यालयात राही, दुसरी माझ्याकडं येई. साचा ठरलेला होता. सुरुवातीला मलपृष्ठावरून उचललेली लेखकाची ओळख, मध्ये कथानक, मग 'ओघवती शैली', आणि दोष दाखवायचाच झाला तर शेवटून दुसऱ्या वाक्यात, तोही मुद्रणदोषांचा. मराठी लेखकांच्या वाटचा मार बिचाऱ्या मुद्रितशोधकांनी किती वर्षं खाल्ला आहे, त्याला सुमार नाही.

याचं कारण भित्रेपणा असं म्हणणं सोपं आहे. आपलं साहित्यविश्वच चिमुकलं आहे. ज्याच्या कादंबरीवर लिहायचं तो अभ्यासमंडळावर असतो, त्याचा मेहुणा पुरस्कार समितीवर, आणि त्याच्याच प्रकाशकाकडं आपलं हस्तलिखित पडलेलं. निर्भीडपणा म्हणजेच चांगलं परीक्षण, असंही नाही. 1874 साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांइतका निर्भीड टीकाकार शोधून सापडायचा नाही. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी लेखणीचे कोरडे ओढले. आज ते लेख वाचले तर फुल्यांच्या पुस्तकांबद्दल थोडंच कळतं, चिपळूणकरांबद्दल मात्र पुष्कळ. याउलट 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेव्हा पु. ल. देशपांड्यांनी त्याच्याबद्दल आवर्जून लिहिलं. त्यांच्या शब्दाखातर पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत ते पुस्तक उघडलं गेलं असणार. लेखकानं लेखकासाठी करायचं काम हे एवढंच. आपल्या वाचकाला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं.

माझा पहिला कथासंग्रह आला आणि मी वहीच्या दुसऱ्या बाजूला गेले. कौतुकाची परीक्षणं आली. ती मी कापून ठेवली, पण त्यांतलं आज एक वाक्य आठवत नाही. आठवतं ते एका त्रैमासिकातलं, ओळखदेख नसलेल्या एका प्राध्यापकानं लिहिलेलं. त्याचं म्हणणं असं की, या लेखिकेच्या बायका बोलतात त्या फक्त हात कामात असताना. एक भाकरी थापताना बोलते, एक भांडी विसळताना, एक तांदूळ निवडताना. नुसती बसलेली बाई या पुस्तकात एकही नाही.

मी भडकले. आमच्याकडच्या बायकांना नुसतं बसायला मिळतं का कधी? चांगलं चार पानी उत्तर लिहून काढलं आणि प्रकाशकांना दाखवलं. त्यांनी ते वाचून टेबलाच्या खणात टाकलं. म्हणाले, "परीक्षणात माहितीची चूक असेल तर खुलासा पाठवा. मत असेल तर गप्प बसा." त्यांच्याकडून मला मिळालेला हा सगळ्यात मोलाचा ऐवज, रॉयल्टीपेक्षाही.

संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी त्यात काना-मात्राही बदलला नाही. तांदूळ निवडणारी तशीच निवडत राहिली. पण पुढच्या पुस्तकात एक बाई शेवटची एसटी चुकल्यावर स्टँडवरच्या बाकावर बसते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. पानभर ती काही करत नाही. ही बाई त्या प्राध्यापकाच्या वाक्यातून आली. परीक्षणाचा उपयोग ज्या पुस्तकावर ते लिहिलेलं असतं त्याला क्वचितच होतो. झालाच तर पुढच्याला होतो.

व्हर्जिनिया वुल्फनं 1939 साली परीक्षणांवर एक छोटी पुस्तिका काढली. तिनं स्वतः आयुष्यभर परीक्षणं लिहिली होती. पुष्कळशी 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये, बिननावाची, कारण त्या साप्ताहिकानं 1974 पर्यंत परीक्षकांची नावं छापलीच नाहीत. तिची सूचना मजेदार होती. वर्तमानपत्रानं पुस्तकाचा सारांश द्यावा आणि आवडलं-नावडलं यासाठी एखादी खूण छापावी. लेखकानं मात्र डॉक्टरकडं जावं तसं परीक्षकाकडं जावं, तीन गिनी फी द्यावी आणि बंद दाराआड तासभर आपल्या पुस्तकाची तपासणी करून घ्यावी. तिचा नवरा लेनर्ड याला हे पटलं नाही. परीक्षण लेखकासाठी नसतंच, वाचकासाठी असतं, अशी टीप त्यानं त्याच पुस्तिकेला जोडली. आमच्या ग्रंथपालांनी लेनर्डची बाजू घेतली असती. मला दोघंही बरोबर वाटतात, आणि मराठीत आपण वुल्फबाईंची योजना निम्मी राबवलीही आहे. खरं मत आपण फोनवर सांगतो, फीसुद्धा घेत नाही. छापायला देतो ते निराळंच.

आता पुरवण्यांतली परीक्षणांची जागा आक्रसली, हजाराची आवृत्ती पाचशेवर, कधी तीनशेवर आली. लेखक स्वतःच कुरिअरनं प्रत पाठवतो आणि आठवड्यानं व्हॉट्सॲपवर विचारतो, "दोन ओळी टाकाल का?" मग पुस्तक, शेजारी चहाचा कप, खाली दोन ओळी. तीनशे प्रतींचा धनी आणखी काय करणार? मला त्याचा राग येत नाही. पण त्या दोन ओळींवरून कुठल्या ग्रंथपालानं कुठलं पुस्तक मागवावं?

म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तक भेट मिळालं असेल तर त्याच्यावर कुठंही लिहू नका. लेखकाला फोन करा आणि जे वाटलं ते तोंडावर सांगा. विकत घेतलं असेल तर मात्र अवश्य लिहा, आणि केवढ्याला पडलं तेही लिहा.