स्त्रीराज्यातलं हसू

दिंडोशी, मालाड (पूर्व)

चि. मनूस,


‘द रोमान्स ऑफ टायगर अँड रोज’ या चिनी मालिकेबद्दल तू दोन गोष्टी विचारल्यास. ती इतकी हसवते, तरीही तिच्यातलं प्रेम खरं का वाटतं? आणि बायकांचं राज्य असलेलं ते शहर आलं कुठून? मला वाटतं, दुसऱ्या प्रश्नाच्या पोटातच पहिल्याचं उत्तर आहे. स्त्रीराज्याची गोष्ट चीनमध्येही जुनी आहे आणि आपल्याकडेही. ती कितीतरी वेळा सांगितली गेली, पण तिच्यात प्रेमाला जागा मिळायला फार वेळ लागला. याचं कारण मी विनोदात शोधते. हसू कुणावर उडवलं आहे, यावर प्रेमकथेचं खरेखोटेपण ठरतं, असं माझं मत आहे. ते तुला पटतं का बघ.

आधी तुझी मालिका. २०२० सालची, चोवीस भागांची. पटकथा लिहिणारी चेन शाओछियान आपल्याच पटकथेत जागी होते, तीही ह्वायुआन नगरीची तिसरी राजकन्या म्हणून. ही राजकन्या तिसऱ्याच भागात मरणार, हे तिनेच लिहून ठेवलेलं असतं. मारणारा असतो श्वानहू नगरीचा राजपुत्र हान श्वो. म्हणून ती जीव वाचवण्यासाठी धडपडते, त्याचं लक्ष आपल्या बहिणीकडे वळवू पाहते, आणि तिची प्रत्येक धडपड त्याला प्रेमाची खूण वाटते. ह्वायुआनमध्ये सत्ता आणि मालमत्ता बायकांकडे असते. पुरुषांनी शील सांभाळायचं, घर बघायचं. हान श्वोच्या गावी याच्या नेमकं उलट. आता यातलं हसू तपासून पाहा. राजकन्या मूर्ख आहे म्हणून आपण हसत नाही. हान श्वोवर हसतो, पण तो प्रेमात पडला म्हणून नाही. विष घेऊन आलेला माणूस स्वतःच्या कारस्थानावर स्वतःच पाणी ओततो म्हणून. सगळ्यात जास्त हसतो ते नियमांवर. ‘पुरुषाने एवढं बाहेर फिरू नये’ असं कुणी गंभीरपणे बोललं की हसू फुटतं, कारण हेच वाक्य लिंग बदलून आपण घराघरांत ऐकलेलं असतं. दोन माणसं हास्यास्पद होत नाहीत, त्यांच्याभोवतीची चौकट होते. म्हणून त्या दोघांना एकमेकांकडे सरळ बघायला मोकळीक मिळते.

आता स्त्रीराज्य. ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. सातव्या शतकात तो पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला. त्याच्याच प्रवासवर्णनात हिमालयातल्या सुवर्णगोत्र नावाच्या देशाची नोंद आहे. तिथे राज्य बाईचं, तिचा नवरा नावापुरता राजा, कारभारात त्याला स्थान नाही. पुढे या प्रवासाभोवती दंतकथा साठत गेल्या आणि सोळाव्या शतकात ‘पश्चिमेची यात्रा’ ही मोठी विनोदी कादंबरी तयार झाली. तिच्यात हाच भिक्षू स्त्रीराज्यात पोचतो. तिथल्या नदीचं पाणी प्यायल्याने तो आणि त्याचा वराहमुखी शिष्य चक्क गरोदर राहतात. हा विनोद उत्तम आहे, कारण तो पुरुषांना बायकांच्या वेणांची चव देतो. पण राणीच्या प्रसंगात सूर बदलतो. तिला भिक्षूशी लग्न करायचं असतं, राज्य द्यायचं असतं. तो पुढच्या प्रवासाच्या परवान्यावर शिक्का मिळेपर्यंत होकाराचं नाटक करतो आणि मग निघतो. इथे हसू राणीच्या इच्छेवर येतं. इच्छा करणारी बाई फसवली जाते आणि वाचकाने सुटकेचा श्वास सोडायचा. प्रेमकथा जन्मायच्या आतच संपते.

आपल्या नवनाथांच्या गोष्टीत वेगळं काही घडत नाही. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात राणीजवळ राहतो, त्यांना मीननाथ हा मुलगा होतो, आणि गुरूला सोडवायला गोरखनाथ निघतो. पुरुषाला आत शिरकाव नाही, म्हणून तो बाईचा वेष घेऊन कलावंतिणीच्या ताफ्यात मिसळतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला जागं करतो. वेषांतर, संगीत, दरबार. नाटककाराला याहून काय हवं! पण राणीला कुणी काही विचारत नाही. तिचा संसार म्हणजे मोह, आणि मोहातून पुरुषाची सुटका झाली म्हणजे गोष्ट सुफळ झाली. गुरुशिष्यांच्या प्रेमाची गोष्ट म्हणून ती मोठीच आहे, यात शंका नाही. राणीच्या बाजूने मात्र ती कुणी सांगितलेली नाही.

इथे एक बदल झाला, तो कागदावर नव्हे, पडद्यावर. इथून जवळच्या चित्रनगरीला ज्या दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलेलं आहे, त्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळाली नाही. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तीच तारामती दुर्गाबाई खोटे यांनी केली, आणि त्याच वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. सोबत चित्ता बाळगणारी, हुकूम सोडणारी राणी. कथा जुनीच होती, आणि शेवटी सगळं माया ठरतं. पण अभिनय करणारी बाई खरी होती, नामवंत घरातली होती, आणि आज त्या चित्रपटातलं लोकांना आठवतं ते तिचंच रूप. मोहाला चेहरा आला की त्याला झटकून टाकणं अवघड होतं. चीनमध्येही नेमकं हेच घडलं. यांग ज्ये या दिग्दर्शिकेने १९८६ साली ‘पश्चिमेची यात्रा’ दूरदर्शनवर आणली, तेव्हा तिने राणीला फसवलं जाणारं पात्र ठेवलं नाही. भिक्षू क्षणभर डोळे उघडून तिच्याकडे बघतो, डळमळतो आणि मग जातो. कादंबरीतला प्रसंग तोच, फक्त राणीवरचं हसू काढून घेतलं. लगेच तिथे प्रेम दिसू लागलं. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

तू म्हणशील, हे सगळं चीनकडून शिकायचं का? मुळीच नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आलं. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं आहे, तिचं मन अर्जुनावर आहे. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो आणि साधूंवर श्रद्धा असलेला बलराम स्वतःच त्याला घरात ठेवून बहिणीला त्याच्या सेवेला लावतो. भागवताच्या दशम स्कंधातली ही छोटीशी कथा. अण्णासाहेबांनी तिचं अखंड हसतं नाटक केलं. हसू कुणावर? बहिणीचं मन न विचारता सोयरीक ठरवणाऱ्या भावाच्या खात्रीवर. सुभद्रेच्या इच्छेची चेष्टा एकाही प्रवेशात नाही. काळ लक्षात घे. लहानपणी लावून दिलेला नवरा नाकारणाऱ्या रखमाबाईंवर मुंबईत १८८४ साली खटला भरला गेला, १८८७ साली नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल आला, आणि समाजातली मोठमोठी माणसं तिच्याविरुद्ध उभी राहिली. त्याच दशकात त्याच समाजाने सुभद्रेच्या नकाराला टाळ्या दिल्या. हा दुटप्पीपणा म्हणता येईल. मी मात्र म्हणेन की हसताना माणूस जे मान्य करतो, ते कोर्टात मान्य करायला त्याला अजून तयार व्हायचं असतं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सौभद्रातही अर्जुन सुभद्रेपासून आपली ओळख लपवतोच. मग भिक्षूचं नाटक वाईट आणि याचं चांगलं कसं? आक्षेप जड आहे आणि तो पूर्ण खोडता येणार नाही. सुभद्रेला अंधारात ठेवलं जातं तेवढा वेळ आजच्या प्रेक्षकाला खटकावंच. पण फरक परिणामात आहे. कादंबरीतली फसवणूक राणीची इच्छा मोडण्यासाठी आहे, इथली सुभद्रेची इच्छा पुरी करण्यासाठी, आणि ती इच्छा प्रेक्षकांना आधीपासून माहीत असते. दुसरा आक्षेप तुझ्या मालिकेवर घेतला जातो आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बायकांची सत्ता शेवटी पटकथेतलीच, म्हणजे पुन्हा मायाच. आणि ती सत्ताही पुरुषांवर अन्याय करणारी दाखवली, मग बायकांच्या हाती काय लागलं? मला वाटतं, उलटं जग आदर्श म्हणून दाखवलेलंच नाही, आणि ते बरोबर आहे. मालिकेतलं फेइ हंगचं पात्र आठव. विद्वान, समंजस, आणि पुरुष असल्यामुळे पावलोपावली अडवला जाणारा. त्याच्याविषयी वाटणारी हळहळ ही आपल्याकडच्या किती मुलींच्या वाट्याला आली असती, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. मच्छिंद्रनाथ मायेतून बाहेर पडला तो राणीला विसरण्यासाठी. शाओछियान मात्र जिला तिने दोन ओळींत मारून टाकलं होतं तिचं आयुष्य जगून बघते. लेखिकेसाठी ही मोठी शिक्षा आणि तेवढंच मोठं शिक्षण.

आपल्या आजच्या बऱ्याच मराठी मालिकांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. नायिकेने सोसायचं, आणि विनोद नोकराकडे किंवा एखाद्या विसराळू काकाकडे सोपवायचा. प्रेम करणारी माणसं स्वतः कधी हसत नाहीत. २०१२ सालच्या ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ने हे मोडलं होतं. घना आणि राधा लग्न टाळण्यासाठीच लग्नाचा करार करतात, आणि घरच्यांच्या आग्रहाला दिलेली ती बगल त्यांच्या अंगाशी येते. गंमत त्या दोघांच्या बोलण्यात होती, म्हणून प्रेमही तिथेच रुजलं. ती मालिका लोकांनी डोक्यावर घेतली, पण तिचा धागा फार थोड्यांनी पुढे नेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘पश्चिमेची यात्रा’चं इंग्रजी भाषांतर तुझ्या ग्रंथालयात नक्की असेल. त्यातली त्रेपन्न ते पंचावन्न ही तीन प्रकरणं वाच, मग यांग ज्येच्या मालिकेतला तोच भाग बघ, आणि राणीच्या प्रसंगाबद्दल तुझं मत मला सविस्तर लिही. तुझं मत माझ्याहून वेगळं निघालं तर तसंच, कारणांसकट कळव.

तुझी,
आत्या