सासुरवाडीचं सरकार

राजकारणाशी माझा संबंध मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेण्यापुरता. एरवी माझ्या बोटाला लागते ती बँकेतल्या स्टँपपॅडची शाई, आणि तिला कोणी विचारत नाही. तरीही राज्यातलं एक सत्तांतर थेट माझ्या स्वयंपाकघरात झालं. त्याचीच ही हकिगत.

मी लातूरचा, गंजगोलाईच्या हाकेच्या अंतरावर वाढलेला. बायको नांदेडची. मे २००८ मध्ये आमचं लग्न झालं तेव्हा मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख, म्हणजे बाभळगावचे, म्हणजे आमचेच. मी बी.कॉम. सेकंड क्लास, बँकेत कारकून आणि टक्कल पडायच्या बेतात. पण मुलगा मुख्यमंत्र्यांच्या गावाकडचा, हे एक बाकी सगळ्यावर भारी पडलं. बैठकीत माझ्या काकांनी 'आमचे विलासराव, आमचे विलासराव' इतक्या वेळा केलं, की नवऱ्या मुलाचं नाव विलास आहे असा मुलीकडच्या एका आत्याबाईंचा समज झाला.

सहा महिने राज्य सुखात चाललं. भाजीत मीठ कमी पडलं तर मी तसं बोलूनही दाखवत असे. मग मुंबईवर हल्ला झाला, विलासरावांनी राजीनामा दिला आणि ८ डिसेंबर २००८ रोजी अशोकराव चव्हाणांचा शपथविधी झाला. अशोकराव नांदेडचे! संध्याकाळी घरी आलो तर बायको माहेरी फोनवर बोलत होती. फोन ठेवून म्हणाली, "आज भाजी केली नाही. वरणाशी खा." सत्तांतराची अधिकृत सूचना मला मिळाली ती अशी.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. एरवी 'तब्येत कशी आहे आपली?' असं दबक्या आवाजात विचारणारा माणूस गरजला, "जावईबापू, काय म्हणायलंय लातूर?" वर इतिहासाचा दाखला. "अहो, १९८६ लाबी असंच झालतं. तुमचे निलंगेकर गेले अन् आमचे शंकरराव आले. खुर्ची लातूरहून निघाली की नांदेडलाच उतरते!" जणू खुर्ची म्हणजे लातूर-नांदेड जलद एसटी.

जानेवारी २००९ मध्ये तर कहरच झाला. नव्या मंत्रिमंडळानं नांदेडला महसूल आयुक्तालय द्यायचं ठरवलं. तोवर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं आयुक्तालय तेव्हाच्या औरंगाबादला. आता त्यातलं लातूर नांदेडच्या हाताखाली जाणार! लातूर पेटून उठलं. बंद झाले, मोर्चे निघाले. दहावी-बारावीचं विभागीय मंडळ लातूरला, विद्यापीठ नांदेडला, असा जमाखर्च कसाबसा जुळत आलेला. त्यात ही नवी नोंद. माझ्या काउंटरवर पैसे काढायला आलेली माणसंसुद्धा आधी आयुक्तालय मागू लागली, जणू ते मीच तिजोरीत दडवून ठेवलंय.

नेमकी तेव्हाच आमची पहिली संक्रांत आली. सणाला जाणं भाग होतं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला पोचलो. गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याचा गुच्छ, अशा थाटात मला पाटावर बसवलं. या वेषात माणसानं वाद घालू नये. मी घातला.

"मामा, खरं सांगा, तुमचं आयुक्तालयात काम तरी काय असतं?"

मामा काही बोलले नाहीत. आत गेले आणि खुंटीवरची एक कापडी पिशवी घेऊन आले. आतले कागद कडांना झिजून मऊ पडले होते.

"दीड एकराचा फेरफार हाय. तहसील झाली, प्रांत झाला, कलेक्टर झाला. आता आयुक्ताकडं अपील. रात्री निघायचं, सकाळी स्टेशनवर तोंड धुवायचं, दिवसभर बसायचं अन् पुढची तारीख घेऊन माघारी यायचं. नऊ खेपा झाल्या, जावईबापू. आता गुडघे नको म्हणायलेत."

माझ्या गळ्यातला हार एकाएकी जड झाला. कारण अगदी अशीच पिशवी लातूरला, 'आमचे विलासराव' म्हणणाऱ्या काकांच्या खुंटीलाही लटकत होती. आयुक्तालय नांदेडला आलं तर मामांचे गुडघे वाचतील, लातूरला आलं तर काकांचे. मोर्चे दोन होते, पण पिशवी एकच होती.

मी तडजोड सुचवली. "मामा, मधोमध अहमदपूरला केलं तर? दोघांनाही सारखंच पडेल."

मामांनी पिशवीची नाडी आवळत बराच विचार केला. मग मान हलवून म्हणाले, "छे, छे. अहमदपूरला आपलं कोण हाय?"

'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणत सासूबाई आल्या, म्हणून चर्चा तिथंच थांबली.

नव्या सरकारची नवलाई ओसरली, आमच्या घरी भाजी परत आली. आयुक्तालयाचा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला. २०१५ साली पुन्हा नांदेडसाठी अधिसूचना निघाली. तोवर मुख्यमंत्री नागपूरचे होते, त्यामुळे आमच्या घरात तरी दोन्ही पक्ष विरोधी बाकांवर. लातुरात पुन्हा मोर्चे निघाले. मामा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. पिशवी मेहुण्याकडे आली होती, तारखांसकट.

आमच्या बँकेत ज्या रकमेचं खातं सापडत नाही, ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ते खातं कधीतरी शून्यावर यावं लागतं, असं मला कॉमर्सला शिकवलं होतं. सातबाऱ्याला तो नियम लागू नसावा.

मोर्चाची बातमी बायकोनं पूर्ण वाचली, पेपर नीट घडी करून ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. त्या रात्री दोन भाज्या होत्या. दोन्हींत मीठ कमी होतं. मी बोललो नाही.