लंगोटाची पट्टी

आम्ही दोघी जावा कल्याणला एकाच घरात राहतो. थोरली घरी शिवणाची कामे घेते, धाकटी औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. थोरलीच्या मुलासाठी २०२१ साली आम्ही चौदा कापडी लंगोट घेतले होते. हल्ली त्याला कापडी डायपर म्हणतात. आमच्या घरी लंगोटच म्हणतात. तो मुलगा मोठा झाला, मग ते नणंदेकडे गेले आणि तिकडून परत येऊन आता धाकटीच्या मुलीच्या अंगावर चढले. कापड अजून धडधाकट आहे. गेली ती कमरेची चरचर वाजणारी पट्टी.

पट्टी म्हणजे किती क्षुल्लक गोष्ट, असे वाचक भगिनी म्हणतील. आम्हीही तेच म्हणत होतो.

धाकटीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा सव्वीस आठवड्यांची झाली. तेवढी तिला मिळाली, परंतु रजेला शेवट असतोच. पोर आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या सांभाळणार असे ठरले होते. आत्यांनी तीस वर्षे लोकांची धुणीभांडी केली. त्यांच्या बोटांचे सांधे आता सुजलेले असतात. नाडीची गाठ त्यांना मारता येत नाही, टिचबटण दाबता येत नाही. पट्टीचे लंगोट तेवढे जमत होते.

परवा शेजारी बारसे होते. आत्या पोरीला घेऊन गेल्या. एका पाहुणीने कौतुकाने पोर मांडीवर घेतले आणि पट्टी सुटली. नव्या साडीवर सगळे पिवळे झाले. पाहुणी बिचारी काही बोलली नाही, पण कोणीतरी हसले. आत्या घरी आल्या, पोरीला आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्या हातून न्हाई व्हायचं गं. तुमची तुम्ही सोय बघा."

धाकटीची नोकरी त्या एका वाक्यावर टांगली गेली.

घरच्या पुरुषांनी लगेच तोडगा सांगितला, बाजारची पाकिटे आणा. दिवसाला सहा-सात म्हणजे महिन्याला दोनशेच्या घरात. एकाला आठ-नऊ रुपये धरले तरी सोळाशे ते अठराशे रुपये झाले. (हिशेब आम्हीच केला, तोडगा सांगणारे तोवर बाहेर गेले होते.) रात्रीसाठी आणि प्रवासासाठी एक पाकीट आणले, नाही असे नाही. पण रोजचे ते परवडणारे नव्हते.

मग एका दुपारी चौदाही लंगोट घेऊन बसलो. ही पट्टी स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या इंजिनिअरने शोधली. १९४१ साली फिरायला गेले असता कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यावरून एका बाजूला बारीक आकडे, दुसऱ्या बाजूला मऊ कड्या. आकडा कडीत अडकतो, एवढेच त्यातले गुपित. म्हणून पट्टी धरत नसेल तर आधी कोणती बाजू गेली ते पाहावे. थोरलीने नव्या पट्टीचा तुकडा घेतला आणि प्रत्येक लंगोटावर दोन्ही बाजू ताडून पाहिल्या.

सहा लंगोटांची पट्टी मेलेलीच नव्हती! आकड्यांत टॉवेलचे तंतू, केस, धागे असे गच्च भरले होते की आकड्याला जागाच नव्हती. जाड सुईने आडवे-उभे उकरून काढले, जुन्या दातघासणीने घासले, पट्टी पुन्हा धरू लागली. चूक आमचीच. धुताना पट्टी आतल्या छोट्या मऊ तुकड्यावर बंद करून ठेवायची असते. आम्ही उघडीच बादलीत टाकत होतो.

तीन लंगोटांचे आकडे आडवे झाले होते. पावसाळ्यात लवकर वाळावे म्हणून इस्त्री फिरवली होती, त्याचे हे फळ. नायलॉनला तेवढी ऊब सोसत नाही. उरलेल्या पाच लंगोटांची मऊ बाजू कापूस पिंजल्यासारखी झाली होती.

पहिल्या दुरुस्तीत आम्ही फसलो. घाईत मागे गोंद असलेली पट्टी आणली. मशीनची सुई चिकट झाली, टाके सुटू लागले. शिवायची असेल तर बिनगोंदाचीच घ्यावी. दुसरी चूक अशी की तुकड्याचे कोपरे टोकदार ठेवले. संध्याकाळी पोरीच्या पोटावर लाल ओरखडा दिसला. तेव्हापासून कोपरे कात्रीने गोल करतो आणि चारही बाजूंनी दुहेरी टीप मारतो. पुढच्या लांब मऊ पट्टीला मात्र जपावे लागते, कारण ती पाणी न झिरपणाऱ्या कापडावर असते. तिथे प्रत्येक नवे भोक म्हणजे गळती. जुनी टीप ब्लेडने हळूच उसवावी, बारीक सुईने शक्यतो जुन्याच भोकांवरून जावे, टाचणी न लावता कपड्याचा चिमटा लावावा.

आत्या कोपऱ्यात बसून पाहत होत्या. दुरुस्त केलेला लंगोट त्यांच्या हाती दिला. पट्टी आता इतकी घट्ट बसली की त्यांना उघडेना! आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

त्याच म्हणाल्या, "टोकाला धरायला काहीतरी ठेवा की. मला नख न्हाई लागत तितं."

खरेच होते. ही पट्टी आडवी ओढली तर सुटत नाही, पण टोकापासून सोलली तर लहान पोरही उघडते. त्यासाठी टोक हाती यायला हवे. थोरलीने आत्यांच्याच एका विटलेल्या साडीचा काठ कापला, दुहेरी घडी घातली आणि अंगठ्याएवढी जीभ प्रत्येक पट्टीच्या टोकाला शिवली. आत्यांनी दोन बोटांत धरून ओढली. चर्र करून उघडली. लावली, पुन्हा उघडली. असे पाच-सहा वेळा केले, मग म्हणाल्या, "पोरगी आणा हिकडं."

धाकटी सोमवारी कामावर रुजू झाली. जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला. आत्या म्हणाल्या, "थांब गं, हात गुतलेत," आणि फोन खाली ठेवला. पलीकडून पोरीचे रडणे ऐकू आले, मग चर्र असा आवाज, थोड्या वेळाने पुन्हा चर्र. रडणे थांबले. आत्यांना फोनची आठवणच राहिली नव्हती.

मऊ पट्टीचे दोन लंगोट अजून व्हायचे आहेत. ते या रविवारी घेऊन बसणार आहोत.