कळसूबाईच्या उंचीवर

अमेरिकेतल्या डेनव्हर शहरी बेसबॉलचे जे मैदान आहे, त्याच्या सर्वांत वरच्या सज्जात खुर्च्यांची एक ओळ जांभळ्या रंगाची आहे. बाकीच्या खुर्च्या हिरव्या, आणि ही विसावी ओळ तेवढी जांभळी. समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे 5,280 फूट, या ओळीपाशी भरतात. आपल्या कळसूबाईचे शिखर साधारण 5,400 फुटांवर आहे. तेव्हा कळसूबाईच्या देवळापासून सव्वाशे फूट खाली उतरावे आणि तिथे हजारो माणसे भाजलेल्या शेंगा सोलीत, बिअर पीत बसलेली दिसावीत, अशी कल्पना केली म्हणजे कूर्स फील्डचे चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहील.

मी तिथे गेलो 2025 च्या मे महिन्यात. कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासून हातावेगळ्या केल्या आणि धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहायला म्हणून विमानात बसलो. डेनव्हरला लागून ऑरोरा नावाचे गाव आहे, तिथे तिचे बिऱ्हाड. विमानतळावर तिघेही न्यायला आले होते. पंधरा वर्षांच्या भाच्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो आजीच्या तब्येतीचा नव्हे. म्हणाला, "मामा, एकवीस-शून्य झालं, तू वाचलंस का?"

घरात काही अशुभ घडले असावे असाच त्याचा चेहरा होता. चौकशी केली तेव्हा कळले की, डेनव्हरच्या कोलोरॅडो रॉकीज या संघाला 10 मे रोजी, घरच्याच मैदानावर, सॅन डिएगोच्या संघाने एकवीस विरुद्ध शून्य अशा धावांनी लोळवले होते. दुसऱ्या दिवशी रॉकीज नऊ-तीन असे जिंकले, आणि त्याच दिवशी त्यांचे व्यवस्थापक बड ब्लॅक यांना नारळ मिळाला. हरल्याबद्दल नोकरी गेलेले लोक आपण पाहतो. जिंकल्याच्या दिवशी गेलेला हा पहिलाच मला ठाऊक.

या खेळात पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. त्याला गोलंदाज म्हटले तर अर्थ पोहोचतो, पण त्याच्या डोक्यावरचे ओझे पोहोचत नाही. आपल्याकडे एक षटक झाले की चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. इथे सामना सुरू करणारा पिचर एकटा चेंडूमागून चेंडू टाकीत राहतो. नऊ डावांपैकी सहा डाव त्याने काढावेत आणि तीनच्या वर धावा देऊ नयेत, एवढी प्रेक्षकांची माफक अपेक्षा असते. तो थकला की मागच्या फळीतले पिचर येतात. आरंभ करणारे असे पाच जण आलटून पालटून, दर पाचव्या दिवशी एक, उभे राहतात. आता हे पाचही जण डगमगले तर काय व्हावे? बेसबॉलच्या भक्ताला आठवड्याचे वार नसतात, पिचरांचे वार असतात. "आज कोणाची पाळी?" असे विचारून तो दिवसाचे भविष्य ठरवतो. रॉकीजच्या भक्तांना 2025 साली सगळे वार शनिवारच होते.

नऊ डावांमागे पिचरच्या माथी सरासरी किती धावा बसल्या, याचा एक आकडा अमेरिकन लोक आपल्याकडच्या टक्केवारीइतक्याच श्रद्धेने सांगतात. तो चारच्या आत असेल तर गृहस्थ बरा. 2025 चा हंगाम संपला तेव्हा रॉकीजच्या आरंभीच्या पिचरांचा मिळून आकडा 6.65 झाला होता. हा हिशेब 1913 पासून अधिकृतपणे ठेवला जातो, आणि इतका वाईट आकडा त्यात दुसरा सापडत नाही. संघाने 162 पैकी 119 सामने गमावले. मी मेच्या अखेरीस भाच्याच्या खोलीत डोकावलो तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावर विजयाच्या नऊ रेघा होत्या. पराभवाच्या रेघा त्याने पन्नासाच्या अलीकडेच काढायच्या सोडून दिल्या होत्या.

या सगळ्याला जबाबदार कोण, यावर बहिणीच्या घरी रोज रात्री जेवताना परिसंवाद असे. मेहुणे इंजिनिअर, त्यांचा पक्ष हवेचा. डेनव्हरची हवा समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे 82 टक्केच दाट आहे. चेंडू वळतो तो हवेला धरून वळतो. फिरकी दिलेल्या चेंडूची शिवण हवा एका बाजूला ढकलते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला झुकतो. ढकलायला हवाच कमी, तर तो झुकणार कितीसा? म्हणजे पिचरच्या हातातली विद्या पाचवा हिस्सा गेली. उलट फलंदाजाने टोला हाणला की अडवायला हवा नाही, चेंडू आपला तरंगत कुंपणापार. यावर उपाय म्हणून मैदान बांधतानाच कुंपण लांब नेले. मधोमध ते 415 फुटांवर आहे. त्यामुळे पटांगण इतके ऐसपैस झाले की जो चेंडू पार जात नाही तो क्षेत्ररक्षकांच्या मध्ये पडतो. एका भोकाला ठिगळ लावावे तर शेजारी दुसरे.

"हे मला स्वयंपाकघरात कळतं," बहीण म्हणाली. "इथे डाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात. पहिलं वर्षभर आमच्याकडे तुरीची डाळ दाताखाली यायची."

या हवेशी झुंजण्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. 26 एप्रिल 1995 रोजी मैदानाचे उद्‌घाटन झाले तोच सामना चौदा डाव चालून 11-9 असा संपला. तेव्हा यजमान जिंकले म्हणून कोणी तक्रार केली नाही. पुढे संघाने विचार केला की पैसा ओतला तर हवाही वश होईल. डिसेंबर 2000 मध्ये माइक हॅम्प्टन या नामांकित पिचरला आठ वर्षांसाठी 12 कोटी 10 लाख डॉलरचा करार देऊन आणले. इथल्या शाळा मुलांसाठी चांगल्या आहेत, असेही एक कारण त्याने डेनव्हर निवडताना सांगितले होते, आणि वर्तमानपत्रवाले त्यावर पुष्कळ हसले. मला मात्र, शाळेच्या प्रवेशासाठी घर बदलणाऱ्या गावचा रहिवासी म्हणून, त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. शाळा कशा निघाल्या कोण जाणे, चेंडू काही वळेना. दोन हंगामांत तो पुरता हैराण झाला आणि दुसरीकडे गेला. गंमत अशी की, 2001 साली त्याने स्वतः बॅट हातात घेतली तेव्हा सात होमरन ठोकले. हवा त्यालाही मदत करीत होती, फक्त चुकीच्या वेळी.

मग 2002 साली चेंडूंसाठी एक दमट खोली केली. कोरड्या हवेत चामडे आक्रसते, चेंडू कडक आणि गुळगुळीत होतो. म्हणून सामन्याआधी ते निम्म्या आर्द्रतेच्या कपाटात ठेवायचे. आपण पापड सादळू नयेत म्हणून डबा घट्ट लावतो, त्याच्या नेमके उलट. त्याने होमरन कमी झाले खरे, आणि ही युक्ती इतकी पटली की 2022 पासून सगळ्याच मोठ्या मैदानांवर अशी कपाटे आली. म्हणजे डेनव्हरचे औषध गावोगाव गेले आणि रोगी डेनव्हरातच राहिला. 2012 साली आणखी एक प्रयोग झाला. पाचाऐवजी चारच आरंभीचे पिचर, आणि प्रत्येकाने साधारण 75 चेंडू टाकून थांबायचे. त्या वर्षी 98 सामने हरले.

भाच्याला हा हवेचा पक्ष मान्य नव्हता. हातातली पोळी तशीच ठेवून तो बापाशी भांडे. "एकवीस-शून्यच्या दिवशी त्यांच्या कोलेकने ह्याच हवेत नऊच्या नऊ डाव टाकले, बाबा. एक धाव दिली नाही. त्याने काय सॅन डिएगोहून हवा आणली होती?" मुद्दा बिनतोड होता. 17 सप्टेंबर 1996 रोजी हिदेओ नोमो या जपानी पिचरने याच मैदानावर एकाही फलंदाजाला फटका मारून पहिल्या तळावर पोहोचू दिले नव्हते. शिवाय रॉकीज परगावी, जाड हवेत खेळतात तेव्हा त्यांनी जिंकावे. 2025 साली ते परगावी घरच्याहूनही कमी जिंकले. यावरही मेहुण्यांकडे उत्तर होते: आठवडाभर कळसूबाईवर चेंडू टाकायचा आणि पुढचा आठवडा अलिबागला. तोच चेंडू तिथे भलतीकडेच वळतो, मनगटाने विश्वास ठेवायचा कशावर? आणि हे ऐकून असल्याने चांगले पिचर इथे यायलाच राजी नसतात. मुलगा म्हणे, मालक पैसे टाकीत नाहीत. बाप म्हणे, टाकले होते, हॅम्प्टन आठव.

ऐकता ऐकता मला त्या भक्तांचे खरे दुखणे उमगले. चिडावे तर नेमके कोणावर, हेच त्यांना कळत नाही. दुसऱ्या गावी पिचर वाईट असला तर तो वाईट आहे एवढेच म्हणून मन मोकळे करता येते. इथे शिवी तोंडातून निघते आणि अर्ध्या वाटेवर विरळ हवेत अडखळते.

आता या भांडणात बहीण का गप्प असे ते सांगतो. भाचा शाळेच्या संघात पिचर आहे. उंच, लांब हाताचा पोरगा. मेहुण्यांचे म्हणणे, बॅट धर. या गावात यश बॅटीला मिळते. मैदानावर सन्मानाने निवृत्त केलेले स्वतःच्या खेळाडूंचे दोन आकडे 2025 साली लावलेले होते, टॉड हेल्टन आणि लॅरी वॉकर, आणि दोघेही फलंदाज. बहिणीला बॅट आणि चेंडू दोन्ही सारखेच. तिला भीती कोपराची. 1974 साली टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताची शीर काढून बसवली. ती शस्त्रक्रिया आज त्याच्या नावाने ओळखली जाते आणि पिचरांच्या घरी अपेंडिक्ससारखी बोलली जाते. रॉकीजचे मार्केझ आणि सेंझातेला हे दोघेही 2023 साली त्या टेबलावरून उठून आलेले. "लोक ह्यांना ओरडतात," बहीण मला ओट्याशी हळूच म्हणाली, "आणि माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं ते बँडेज येतं."

मुलाचे दैवत मात्र काइल फ्रीलँड. हा डेनव्हरचाच मुलगा, जन्म 1993 चा, आणि रॉकीज संघही त्याच वर्षी पहिल्यांदा मैदानात उतरला. त्या पहिल्या हंगामात 44 लाखांवर लोक सामन्यांना आले होते, आणि तो उच्चांक अजून मोडलेला नाही. घरची हवा नाकात भरून वाढलेल्या फ्रीलँडने 2018 साली 2.85 असा आकडा काढून दाखवला. या उंचीवर तो चमत्कारच. 2025 साली त्याच फ्रीलँडच्या नावावर सतरा पराभव लागले.

एका संध्याकाळी आम्ही सामन्याला गेलो. गाडीने युनियन स्टेशनवर उतरलो आणि विटांच्या जुन्या गोदामांमधून चालत मैदानापाशी आलो. ही वस्ती एके काळी ओसाड होती म्हणतात. आता तिथे खाणावळी आणि गच्च्या गजबजल्या आहेत. जांभळ्या ओळीपर्यंत चढताना मला दोनदा थांबून दम खावा लागला. पण वर गेल्यावर पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग दिसते. मे संपत आला तरी माथ्यावर बर्फ, आणि सूर्य नेमका तिच्यामागे उतरत असतो. हरणाऱ्या संघालाही लाखो लोक का येतात, याचे निम्मे उत्तर तिथे मिळते. उजवीकडच्या गच्चीवर तरुण मंडळी मैदानाकडे पाठ करून उभी होती. त्यांना धावांशी कर्तव्य नव्हते.

त्या दिवशीच्या पिचरचे नाव मी लिहीत नाही. कोवळा मुलगा होता. दोन डाव बरे गेले. मग एक चेंडू वळायचा तो वळला नाही, आणि पुढे त्याचा आपल्या हातावरचा विश्वासच गेला. दर चेंडूनंतर तो बोटे पँटला पुसायचा, डोंगरांकडे पाहायचा. लोकांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. आमच्या पुढचे एक म्हातारे गृहस्थ धावसंख्या वहीत पेन्सिलीने उतरवीत होते. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. व्यवस्थापक मैदानात आले आणि त्यांनी त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला.

मी भाच्याकडे पाहिले. घरी हाच पोरगा एकेका पिचरची सालटी काढीत असे. तो ओरडत नव्हता. मान खाली घालून मुलगा सीमेकडे चालू लागला तशी हा उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. एकट्याच्याच टाळ्या. मागचा माणूस त्याला काहीतरी चेष्टेने बोलला. मेहुण्यांनी बाही ओढली, तरी तो मुलगा आत दिसेनासा होईपर्यंत बसला नाही. मग खाली बसून शेंगांची पिशवी माझ्यापुढे करीत म्हणाला, "त्याचा हात खाली येत होता, मामा. थकलेला होता. कोणी सांगायला हवं होतं."

सामना अर्थातच हरलो. परतीच्या गाडीत जांभळ्या टोप्या घातलेले शे-दोनशे लोक होते, आणि मला वाटले होते तितके ते दुःखी नव्हते. ते पुढच्या पाळ्या मोजीत होते. भाचाही बोटांवर मोजू लागला. बहीण त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती; नकळत तो हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला होता आणि कोपर चोळीत होती.

"परवा फ्रीलँड आहे," भाचा म्हणाला. "मामा, तुझं विमान कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटले.

"मग चार तिकिटं काढ," बहीण नवऱ्याला म्हणाली. "आणि ह्या वेळी खालची. दादाला चढवत नाही."