मोंतोनेची दुपार

इटालियन भाषेत मोंतोने म्हणजे मेंढा. याच नावाचे एक गाव इटलीच्या मधोमध, उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एका टेकडीवर वसलेले आहे. भोवती दगडी तट, आत चढउताराच्या चिंचोळ्या गल्ल्या, आणि वाड्यावस्त्या धरून माणसे दीड-पावणेदोन हजार. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढाच पसारा. पण मराठी माणसाने हे नाव ध्यानात ठेवावे, असे एक कारण तिथे आहे.

माझा भाचा पेरूजिया विद्यापीठात शिकतो. त्याच्याबरोबर गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मी तिकडे गेलो. रस्ता खोऱ्यातून जातो. मका आणि सूर्यफुलाची काढणी उरकलेली होती. मध्येच पक्क्या विटांच्या उंच इमारती दिसत, वर एका रांगेत धुराडी. भाच्याला विचारले तर म्हणाला, "मामा, या तंबाखू वाळवायच्या भट्ट्या." हे खोरे इटलीतल्या तंबाखूच्या मुख्य मुलखांपैकी एक. निपाणीकडच्या वाचकांना इथे परके वाटायचे नाही. बऱ्याच भट्ट्या आता थंड पडल्या आहेत. जवळच्या चित्ता दि कास्तेल्लो या शहरात तर अशाच जुन्या वखारींत अल्बेर्तो बुर्री या नामांकित चित्रकाराची चित्रे मांडली आहेत. हा गृहस्थ गोणपाटाची ठिगळे शिवून चित्रे करीत असे, बरे का!

गावात पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. मोटार तटाबाहेर ठेवली. आत सारे सामसूम. किराण्याचे दुकान बंद, औषधाचे बंद, पोस्ट बंद. दुपारी एकला दारे लागतात ती चारपर्यंत उघडत नाहीत. भर चौकात एक मांजर आडवे झालेले आणि देवळाची घंटा तेवढी वेळेवर. याला कोणी आळस म्हणू नये. ही माणसे सकाळी लवकर कामाला लागतात आणि दुकाने संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत चालवतात. उन्हातान्हात राबणाऱ्याला दुपारचे महत्त्व सांगायला नको.

एक खाणावळ मात्र उघडी होती. तिथे तोर्ता अल तेस्तो नावाचा पदार्थ मिळाला. गव्हाचे पीठ मळून जाड थापायचे आणि सपाट तव्यावर दोन्हीकडून भाजायचे. आपल्या भाकरीची गव्हाची बहीणच म्हणा. मधून चिरून आत भाजी किंवा चीज भरतात. त्यांचा नेहमीचा पाव मात्र अळणी असतो, तो मला काही रुचला नाही.

जेवून गावातले स्मारक पाहायला गेलो. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. सावली पडते त्यावरून वेळ कळते. 'एकाच सूर्याखाली सगळी माणसे' अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्याला दिले आहे. आणि ते कोणाच्या नावाने आहे? नाईक यशवंत घाडगे यांच्या! रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीने या खोऱ्यातल्या डोंगरावर हल्ला केला. मशीनगनच्या माऱ्यात घाडग्यांच्या तुकडीतले सगळे पडले, एकटे तेच उरले. ते तसेच पुढे धावले, हातगोळा टाकून तोफ बंद पाडली, आणि पुन्हा गोळ्या भरायला सवड नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या शत्रूंशी लढले. मग आडून आलेल्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठे नाही. दक्षिणेला कासीनो येथल्या युद्धस्मारकावर नाव कोरले आहे, आणि २०२३ साली मोंतोनेकरांनी हे सूर्यघड्याळ उभे केले.

आम्ही तिथे उभे असताना काठी टेकत एक म्हातारबाबा आले. वय सत्त्याऐंशी. आम्ही भारतातले म्हणताच त्यांनी टोपी काढली. लढाई झाली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. तळघरात लपल्याचे त्यांना आठवते. मी शेती खात्यातला आहे हे भाच्याने सांगितल्यावर बाबांची कळी खुलली. त्यांचे वडील अर्धेलीने जमीन कसत. या पद्धतीला तिकडे मेझ्झाद्रिया म्हणत. जमीन आणि घर मालकाचे, राबणूक साऱ्या कुटुंबाची, पीक निम्मे निम्मे. घरच्या कर्त्याला कापोच्चा म्हणत. बहुतेक ठिकाणी मुलामुलींच्या लग्नालाही मालकाची संमती लागे.

ऐकताना मला आपली खोती आठवली. घाडगे पळसगावाहून निघाले तेव्हा कुलाब्यात खोतीच होती. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसता संप केला होता. आपल्याकडे कूळकायदा १९४८ चा आणि कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. इटलीत १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले आणि कुळाचा वाटा शेकडा ५८ केला. उरलेले करार खंडात बदलून घेण्याची सोय १९८२ मध्ये झाली. पण तोवर कुळे थांबली कुठे? कारखान्यांच्या पगाराने ती केव्हाच शहरांत ओढून नेली होती. हक्क दारात आला तेव्हा घराला कुलूप होते. माझ्या मते उंब्रियाच्या डोंगरांतली खरी गोष्ट हीच.

तटावरून बाबांनी समोरच्या उतारावरची घरे दाखवली. काही पडली आहेत, काही परदेशी लोकांनी सुट्टीसाठी घेतली आहेत. काहींत कृषी पर्यटन चालते. त्यासाठी २००६ चा कायदा आहे: पाहुणे ठेवावेत, पण ते शेतकऱ्यानेच, आणि मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. हे कलम आपल्याकडे ज्यांना नुसत्या खोल्या बांधायच्या आहेत त्यांनी जरूर वाचावे.

बाबांची ऑलिव्हची साठेक झाडे आहेत. प्रत्येक बुंध्यातून तीन-चार खोडे फुटलेली पाहून मी कारण विचारले. १९८५ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि वरची झाडे मेली. जमिनीलगत कापली, तेव्हा मुळाकडून पुन्हा फुटली.

"आता तोडणी कोण करते?" मी विचारले.

शनिवारी पेरूजियाहून मुलगी आणि जावई येतात. खाली जाळी अंथरून फळे उतरवतात. बाबा खुर्चीवर बसून पाने निवडतात. रविवारी रात्री फळे घाण्यावर पोचवून ती दोघे परत जातात. सोमवारी त्यांची ऑफिसे असतात.